बिस्किटांचा पुडा

साताऱ्याच्या कुमुदिनी दाबके यांनी सलग तिसऱ्या आठवड्यात बिस्किटांचा पुडा घेतला नाही, हे दुकानातल्या यंत्राने टिपलं आणि त्याच दुपारी बिस्किटांच्या कंपनीचा शेअर कोसळला. लाखो गिऱ्हाइकांमधून शेअर दलालांच्या संगणकाने त्यांना हेरलं होतं, आणि त्यांची खरेदी पाहून दलाल शेअर विकत. त्यांची खरेदी बदलली की बाजार बदलतो, हे सहा वर्षं खरं ठरत आलं होतं. बाईंना मात्र याचा पत्ताच नव्हता.

आठवडाभरात कारखान्याने नऊशे कामगार कमी केले. तेव्हा ही पद्धत शोधणारी ऋजुता सबनीस बाईंच्या घरी गेली.

"काकू, त्या बिस्किटांची चव बिघडली का हो?"

"चव कशाला बिघडेल? आमच्या ह्यांना लागायची चहाबरोबर. महिना झाला ते जाऊन." बाई ओशाळल्या. "का गं, माझं काही चुकलं का?"

"नाही काकू, चुकलं माझं," ऋजुता म्हणाली. तिची मान खाली गेली. बाईंची खरेदी तिला साबणापासून औषधांपर्यंत पाठ होती. हृदयाच्या गोळ्या यादीतून गेल्या, तेव्हा तिनेच स्वतःच्या हाताने नोंद केली होती, 'घरातली तब्येत सुधारली.'