खात्रीलायक सूत्र

मंत्री राजीनामा देणार, ही बातमी खुद्द मंत्र्यांनीच खोटी ठरवली, तेव्हा संपादकांनी बातमीदाराला सुनावलं, "तुझं ते खात्रीलायक सूत्र संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर आण, नाहीतर उद्यापासून घरी बस."

बातमीदाराने तडक सलून गाठलं. मंत्र्यांची रोजची दाढी तिथले मामाच करत.

"मामा, राजीनाम्याचं साहेब स्वतः बोलले होते ना?"

"छे रे, गळ्याशी वस्तरा असताना कोण बोलतं? तुमच्याच चॅनेलवर वाचून तुला सांगितलं मी, एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं." मामांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं.



ती ओळ बातमीदारानेच लिहिली होती आणि तिच्या शेवटी प्रश्नचिन्हही घातलं होतं. पडद्याच्या नेमक्या त्या कोपऱ्यावर मामांचा टॉवेल वाळत होता.