चष्म्यातला विजय

दोन तालमींच्या विजयी मिरवणुका कोल्हापुरात एकाच चौकात समोरासमोर आल्या आणि हलग्या थांबल्या. त्यांच्याच संघांमधला मिरजेतला फुटबॉलचा सामना सगळ्यांनी स्मार्ट चष्म्यातून पाहिला होता. बघणाऱ्याला आवडेल तेच दाखवणाऱ्या त्या चष्म्यांनी दोन्ही तालमींना जिंकवलं होतं.

बाह्या सरसावल्या गेल्या. तेवढ्यात मृण्मयी घोरपडे जुना मोबाइल उंचावत मध्ये घुसली. ती वेबसाइट बनवायची, तीही यंत्राला न सांगता, स्वतःच्या हातानं. म्हणून सगळे तिला हसायचे.

"चष्मे काढा!" ती कडाडली. "असली खुशमस्करी यंत्रं मला चालत नाहीत. मी मिरजेत मैदानावर बसून, सामना बघत हे पान लिहिलंय. नखरे नाहीत, सगळ्यांना एकच दिसतं. वाचा!"

भैरोबा तालमीच्या बापू सरनाईकांनी चष्मा काढून वाचलं. शिलेदार तालीम तीन, भैरोबा तालीम दोन.

बापूंनी मूठभर गुलाल घेतला आणि मृण्मयीच्या कपाळाला फासला.

"किती वर्षांनी खरं हरलो गं पोरी!" ते गरजले. "आता जिंकू, ते पण खरंच जिंकू. वाजवा रे हलगी!"