मुंगीवरचा थेंब

मुंगी मेलेली नव्हती. पडद्यावर ती पाय झाडत होती, तरी बाकीच्या मुंग्या तिला उचलून वारुळाबाहेर नेत होत्या. बाहेर मेलेल्या मुंग्यांचा ढीग होता. तिला त्यावर टाकून त्या परतल्या. ती उठली, मिशा पुसल्या आणि पुन्हा आत शिरली. पुन्हा तिला उचललं.

"मेलेल्या मुंगीला एक वास येतो," ट्रेनिंग द्यायला आलेल्या नूतन मॅडम म्हणाल्या. "त्या वासाच्या द्रवाचा एक थेंब जिवंत मुंगीला लावला, की वारुळासाठी ती मेली. माणसांचंही तसंच आहे. म्हणून टीम सांभाळणाऱ्याने कुणावर शिक्का मारू नये."

मिलच्या सगळ्या सुपरवायझरांनी ते लिहून घेतलं. मॅनेजर योगराज सर काही लिहीत नव्हते. ते रंगखात्याच्या सुपरवायझरकडे, शालिग्रामकडे, बघत होते.

दुपारी त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझ्या खात्यातला तो सुकदेव. काढला तर कोर्टात जाईल, चार लोक त्याच्यामागे उभे राहतील. आज मॅडम काय म्हणाल्या, ऐकलंस ना?"

"शिक्का मारू नका म्हणाल्या, सर."

"मारला तर काय होतं, तेही म्हणाल्या."

सरांनी पुढची फाईल उघडली. "खात्याला इनचार्ज लागणार आहे," ते फाईलीत बघूनच म्हणाले.

सुकदेवशी भांडण टाकीचं होतं. रंगखात्यातलं घाण पाणी जमिनीखालच्या टाकीत साचायचं आणि गाळाने पाणी बाहेर जायची जाळी बुजायची. मग कुणीतरी कमरेला दोर बांधून आत उतरायचं. दुसऱ्याने वर दोर धरायचा. खालून झटका आला की ओढायचं. गेल्या वर्षी खात्यातला आनंदा उतरला होता आणि दोर सुकदेवच्या हातात होता. झटका आला, सुकदेवने जिवाच्या आकांताने ओढलं. वर आला तो आनंदा नव्हता, टाकीतल्या वायूने गुदमरलेलं त्याचं मढं होतं. तेव्हापासून सुकदेव टाकीच्या तोंडावर उभा राहायचा. मास्क आणि हवेचा पंखा आल्याशिवाय कुणाला उतरू द्यायचा नाही.

शालिग्रामला अमळनेरहून सुरतेला आणणारा सुकदेवच. पहिली दोन वर्षं तो सुकदेवच्याच खोलीत राहिला होता. आजही खात्यात कुणाला काही अडलं तर लोक सुपरवायझरला सोडून सुकदेवकडे जायचे.

संध्याकाळी लिंबायतच्या वस्तीत चहाच्या लारीवर शालिग्राम खात्यातल्या वाल्मिकला सहज बोलल्यासारखं बोलला. "सुकदेवभाऊ काल साहेबांच्या केबिनमध्ये होता. चहा घेत होता."

सगळंच खोटं नव्हतं. पाळी सुटून खातं रिकामं झाल्यावर सुकदेव केबिनमध्ये गेला होता, मास्क मागायला. त्याला कुणी बसही म्हटलं नव्हतं. चहा तेवढा शालिग्रामने आपल्या पदरचा घातला.

"चहा?" वाल्मिक म्हणाला. एवढंच म्हणाला.

खात्यातले सगळे खानदेशी जेवणाच्या सुट्टीत गोल करून बसायचे. ज्याला जे आवडेल ते त्याने दुसऱ्याच्या डब्यातून उचलायचं. सुकदेवच्या डब्यातल्या ठेच्यावर सगळ्यात आधी वाल्मिकचा हात पडायचा. दुसऱ्या दिवशी तो पडला नाही. मग कुणाचाच पडेना. सुकदेव येऊन बसला, की गोल हळूच सरकायचा आणि तो बाहेर राहायचा. तो उठून पुन्हा गोलात बसायचा. गोल पुन्हा सरकायचा.

महिना संपायच्या आत त्याने काम सोडलं. गेटवर त्याने शालिग्रामचा हात धरला.

"मी काय मरी गऊ का रे भो? कोनी बोलतच नई."

शालिग्रामने हात सोडवून घेतला. नंतर नळावर जाऊन तो बराच वेळ हात धूत राहिला.

सोमवारी सरांनी त्याला वर बोलावलं. केबिनला खात्याच्या बाजूने मोठी काच होती. वरून सगळं खातं दिसायचं. खात्यालाही केबिन दिसायची.

"ये, इनचार्ज. बैस." सरांनी स्वतः खुर्ची काचेकडे ओढून दिली. चहा मागवला. शालिग्राम भराभर पिऊ लागला तसे सर हसले. "घाई काय आहे? सावकाश घे." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "टाकी आजच साफ करून घे. उद्या तपासणीला माणसं येताहेत."

तो खाली आला. टाकीपाशी सगळे उभे होते.

"टाकी साफ करायची आहे," तो म्हणाला. "कोण उतरतं?"

कुणी हललं नाही.

"लीडर पुढे असतो ना, साहेब?" वाल्मिक म्हणाला. कालपर्यंत तो शालिग्रामभाऊ म्हणायचा. "ट्रेनिंगमध्ये शिकवलंच असेल."

कुणीतरी हसलं. शालिग्रामने वर पाहिलं. काचेमागे योगराज सर उभे होते. फक्त जाळीतला गाळ काढायचा, त्याने स्वतःला समजावलं, लगेच वर यायचं. त्याने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक पुढे केलं. ते क्षणभर तसंच हवेत राहिलं. मग वाल्मिकने धरलं.

"उतरा, साहेब. वर मी शे ना."

लोखंडी शिडीवरून तो उतरला. गुडघ्यापर्यंत गाळ होता. सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला, आणि थोड्याच वेळात तो येईनासा झाला. वास गेला याचं त्याला बरं वाटलं. मग डोकं हलकं झालं. शिडीकडे वळताना पाय उचलेना.

वर जेवणाचा भोंगा झाला. डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले.

त्याने दोराला झटका दिला. दोर सैल होता. त्याने जोराने ओढला, आणि सगळाच्या सगळा दोर खाली त्याच्या हातात आला.