आज भांग हाय

"बसा बाय, आज भांग हाय," गोटीराम म्हणाला आणि त्याने होडीची फळी धक्क्याला टेकवली.

जयमालाने उचललेला पाय तसाच मागे घेतला. सकाळचे दहा वाजले होते. पर्समध्ये नेमणुकीचा हुकूम होता. आज अकराच्या आत खाडीपलीकडच्या शाळेत हजर व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजावी. बाई मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन बेलापूरच्या नव्या वसाहतीत आलेली, तीन वर्षं अर्ज करून करून दमलेली. ही नोकरी हातची गेली तर दुसरी कधी मिळेल, देव जाणे. आणि समोर नावाडी भांग पिऊन उभा!

शाळा तर समोरच दिसत होती. पण पूल होता तो फक्त कचेरीतल्या नकाशावर. रस्त्याने जायचं तर पनवेलवरून वळसा, दोन वेळा एसटी बदलायची, म्हणजे दुपार नक्की. १९८४ साली नवी मुंबईत इमारती आधी उगवायच्या आणि त्यांना जोडणारे रस्ते मागून सवडीने यायचे.

"रोज असते का?" तिने जमेल तेवढ्या कडक आवाजात विचारलं.

"रोज कुठशी?" गोटीराम हसला. "पंधरा दिसांशी एकदा. अष्टमीला. मंग काय, मजा! हात पन हलवावा लागत नाय. होरी आपली आपली जाते."

मासळी विकून परतणारी पुतळा होडीत आधीच बसली होती. तिने भर घातली. "भांग नाय त्या दिसाला याचे हाल बगवत नाय, बाय. निस्ता घामाघूम. हात कापतान."

व्यसन म्हणतात ते हेच, जयमालाला वाटलं. तिने घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. पोहायला येत नव्हतं. साताऱ्यात विहिरीत पोहणाऱ्या मुली होत्या, पण ही त्यांच्यातली नव्हती. घरी परत जाऊन नवऱ्याला काय सांगणार होती? ती डोळे मिटून फळीवर चढली, धपकन बसली आणि ओळख ना पाळख, पुतळाचा दंड घट्ट धरला.

होडी निघाली. गोटीराम एका हाताने अधूनमधून निवांत वल्हं मारत होता. मध्येच तो गुणगुणायला लागला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. तिने कुलदैवताला नवस बोलून टाकला. नवसात नारळ पाच होते, ते खाडीच्या मध्यावर अकरा झाले. पण होडी ना डुचमळली, ना भरकटली. टुक्‌ करून पलीकडच्या धक्क्याला लागली.

पावणेअकराला जयमालाने शाळेच्या हजेरीपटावर सही केली. सही वाकडी आली, पण आली. नोकरी मिळाली होती आणि जीवही शाबूत होता. तिला एकदम रडूच कोसळलं. मुख्याध्यापक दिनानाथ गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गुरुजी, त्या नावाड्याची तक्रार करायला हवी," ती डोळे पुसत म्हणाली. "भांग पिऊन होडी चालवतो. वर स्वतःच्या तोंडाने सांगतो!"

गुरुजींनी कपाटातून भूगोलाचं पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. भांगाची भरती. अष्टमीला पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. खाडीला ओढ नसते. होडीला याहून चांगला दिवस नाही.

जयमालाने हे सगळं डी.एड.ला पाठ केलं होतं. आकृतीसकट लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. फक्त तेव्हा तो शब्द कुणी तोंडाने बोललेला ऐकला नव्हता. ती हसायला लागली ती थांबेचना. पोटात दुखेपर्यंत हसली. छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं होतं.

गुरुजी मात्र हसले नाहीत. ते खिडकीतून पलीकडच्या धक्क्याकडे पाहत होते.

"बाई, दीड वर्षात तीन शिक्षक त्या धक्क्यावरूनच परत गेले," ते म्हणाले. "नव्या माणसाला पाण्याची भीती वाटू नये, म्हणून मीच कचेरीकडून हजर होण्याची तारीख दर वेळी मुद्दाम अष्टमीची मागून घेत होतो."