दुभाषी

मोहन तांडेलांनी शेवटचा स्क्रू काढला आणि होडीची नंबरपाटी लेकीच्या, ईशिताच्या हातात दिली. उजवा हात वर्षापूर्वी अर्धांगाच्या झटक्यात लुळा पडला होता, तरी पाटी त्यांनी स्वतःच काढली. डाव्या हाताने, दम खात. मग 'चंदाबाई'च्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर, कुंकू लावलं. आज नारळी पौर्णिमा. नॉटिंगहॅमच्या कालव्यातली बदकं काहीतरी खायला मिळेल म्हणून जवळ जमली होती.

या दिवशी नाळेवर कुंकवाशिवाय काही नको, हा तांडेलांचा घरचा रिवाज. ईशिताला तो पाठ होता, त्यामागची गोष्टही. मालवणच्या किनाऱ्यावर कंपनी सरकारची गस्तीची जहाजं फिरायची, तेव्हाची. चाच्यांचा बंदोबस्त म्हणून प्रत्येक गलबताची नोंद व्हायची, नाळेवर ठळक नंबर लागायचा. नंबर नाही, तो चाचा. बाबांचे खापरपणजोबा नंबर फळीवर रंगवून ती टांगायचे आणि पौर्णिमेला उतरवून ठेवायचे. एका पौर्णिमेला गस्त आली. पूजा चालू आहे, फळी संध्याकाळी लागेल, असं ते ओरडून सांगत राहिले. गस्तीवर दुभाषी होता. त्याने साहेबाला काय सांगितलं कुणास ठाऊक. गलबत जाळलं.

"गोऱ्यांचो माका राग नाय," बाबा गोष्ट संपवताना म्हणायचे. "तेंका काय कळतला? माका राग त्या दुभाष्याचो."

ईशिताने त्या गस्तीबद्दलची जाडजाड पुस्तकं वाचली होती. त्यांत चाचे होते, साहेब होते, जळालेली गलबतंही होती. हा दुभाषी कुठेच नव्हता. बाबांनीच तो गोष्टीत घातला असणार, असं तिने ठरवून टाकलं होतं.

काठावरून कालव्याच्या ऑफिसचा तपासनीस आला. पिवळं जाकीट, हसरा चेहरा. नाळेपाशी थांबला.

"नंबर कुठाय?"

बाबांनी या शहरात जन्मभर बस चालवली होती. प्रवाशांशी इंग्रजीत थट्टा केली होती, भांडणंही केली होती. झटक्याने सगळ्यात आधी ती इंग्रजी नेली. समजायचं सगळं, पण तोंडात मालवणी तेवढी उरली होती.

"तेका सांग," ते ईशिताला म्हणाले, "पूजा चालू आसा. पाटी सांजेक लागतली."

"विसरले वाटतं?" तपासनीसाने आवाज उतरवून तिलाच विचारलं. बाबा तिथे नसल्यासारखं.

पौर्णिमा, नाळ, कुंकू, खापरपणजोबा. एवढं सगळं काठावर उभं राहून इंग्रजीत सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"हो," ती म्हणाली. "सॉरी. विसरतात ते हल्ली."

बाबांच्या चेहऱ्याची हलणारी बाजू हसली.

"बरो दुभाषी गावलो," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ते थांबलेच नाहीत. नारळ न वाहताच मांडीवर घेऊन गाडीत बसले. पाटी तिने डिकीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

पुढचे आठवडे ईशिताला रडू आलं नाही. राग आला. फुलं पाठवणाऱ्यांचा, 'सुटले बिचारे' म्हणणाऱ्यांचा, 'सॉरी' म्हणणाऱ्या स्वतःच्या गोड आवाजाचा. प्रत्येक वळणावर डिकीत पाटी खडखडायची. ती काढून घरात आणायचं धाडस होत नव्हतं. तिकडे कालव्यावर 'चंदाबाई'ला नोटिसा चिकटल्या. त्या वाचायला कुणी नव्हतं. शेवटी विनानंबरची होडी म्हणून ती उचलून नेली.

कालव्याच्या ऑफिसच्या यार्डात 'चंदाबाई' लोखंडी टेकूंवर उभी होती. पाण्याबाहेर ती उघडी पडल्यासारखी दिसत होती. नाळेवरचं कुंकू पावसाने ओघळून तपकिरी झालं होतं. ईशिता पाटी छातीशी धरून उभी राहिली. तोच तपासनीस पुढे आला.

"तुमच्या वडिलांचं कळलं, फार वाईट वाटलं," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. "काळजी करू नका, डक." या शहरात कुणालाही मायेने 'डक' म्हणतात. "मी वर सांगून ठेवलंय, म्हातारे गृहस्थ होते, गोंधळलेले, विसरले. मग केस होत नाही. तुम्ही फक्त 'हो' म्हणा. ही पाटी लावा आणि होडी आजच घेऊन जा."

"आणि विसरले नसतील तर?"

तो गोंधळला. "म्हणजे मुद्दाम काढली? मग माझ्या हातात काही राहत नाही. होडी इथेच राहील. कदाचित मोडीतही काढतील. पण तसं कशाला? तुम्हीच तर म्हणाला होतात."

हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो तिचंच वाक्य तिला परत देत होता, नीट घडी घालून, आणि त्या बदल्यात बाबांची होडीही देत होता. 'हो' म्हटलं की संपलं. बाबा कायमचे गोंधळलेले, ती कायमची समंजस.

तिने पाटी जमिनीवर ठेवली. होडीजवळ गेली आणि नाळेवर, ओघळलेल्या कुंकवावर तळहात टेकला.

"नाही," ती म्हणाली. मोठ्याने, त्याच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. "त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझे वडील काहीही विसरले नव्हते. ते म्हणाले होते, पूजा चालू आहे. पाटी संध्याकाळी लागेल."