नाव नसलेली गाठ

आपल्या प्रोस्टेटच्या गाठीचं निदान दवाखान्यातल्या निदान करणाऱ्या यंत्राला करता आलं नाही, हे ऐकून भास्कर टिपणीस घाबरले. गेली वीस वर्षं ते यंत्र कुणाच्याही बाबतीत अडलं नव्हतं, आणि गाठीचा काचेवरचा तुकडा स्वतःच्या डोळ्यांनी तपासणारे डॉक्टर आता उरलेच नव्हते. शेवटी त्यांच्या पत्नीने, वृंदाने, मिरजेच्या ब्याऐंशी वर्षांच्या डॉक्टर नाडगौडाबाईंना शोधून काढलं.

बाईंनी कपाटातला सूक्ष्मदर्शक पुसला, दोघांनी आणलेली काच त्याखाली ठेवली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"बाई, काही कळतंय का?" वृंदाने विचारलं.

"हा नेहमीचा कॅन्सर नाही. ग्रंथीला आधार देणाऱ्या पेशींची गाठ आहे. मी आयुष्यात दोनच पाहिल्यात."

"त्या दोघांचं काय झालं?" भास्कररावांनी विचारलं.

"एक जण ऑपरेशनने बरा झाला. दुसऱ्याची गाठ मला वेळेत ओळखता आली नव्हती."

बाईंनी कागदावर गाठीचं नाव लिहून दिलं. "उद्याच सर्जनला दाखवा. उशीर करू नका."

भास्कररावांनी ते नाव दोनदा वाचलं. भीती गेली नव्हती, पण ती कशाची आहे, एवढं तरी आता कळलं होतं.