धोंडूच्या हातातला नारळ

धोंडूने होडीचं शीड उतरवलं आणि नारळ हातात घेतला. पुढे देवबागची खाडी समुद्राला मिळत होती. एकीकडे हिरवं पाणी, दुसरीकडे निळं, आणि मधे पांढऱ्या लाटांची रेघ. ती ओलांडायच्या आधी दर्यादेवाला गाऱ्हाणं घालून मागणं मागायचं असतं.

वेंगुर्ल्याहून मुंबईला निघालेली आगबोट मालवणच्या बंदरात बिघडून उभी होती. संध्याकाळपर्यंत सुटणार नव्हती. म्हणून धोंडू पाच उतारूंना संगम दाखवायला घेऊन आला होता. बेळगावचे एक मास्तर आणि त्यांची बायको, एक कापडवाले शेट, आणि गुरुदास व त्याची म्हातारी आई सुगंधा.

"काय मागूचा आसा ता आत्ताच मागा," धोंडू म्हणाला. "देवाकडे मागूक पैसे पडणत नाय."

मास्तरांच्या बायकोला उड्या मारणारे मोठे मासे बघायचे होते. शेटना आगबोट चुकायला नको होती. धोंडूने दोन्ही मागणी खणखणीत आवाजात देवाला सांगितली. प्रत्येक वेळी सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं.

गुरुदासने काही मागितलं नाही. तो आगबोटीवर ठेवलेल्या आईच्या ट्रंकेचा विचार करत होता. ट्रंक भलतीच जड होती, आणि गिरगावातल्या त्याच्या खोलीत ती ठेवायला जागा नव्हती. खोलीत बायको, चार मुलं आणि एक मावसभाऊ राहत होते. पण गेल्या पावसात वेंगुर्ल्याच्या घरी आई विहिरीवर घसरून पडली आणि गाव बोलू लागला. आवशीला, सख्ख्या आईला, एकटी टाकली, असं लोक म्हणाले. तो न्यायला आला, तेव्हा आई एका शब्दानेही नको म्हणाली नव्हती. कालपासून ती मुळी बोललीच नव्हती.

"तुझा काय, आये?" धोंडूने विचारलं.

सुगंधा पुढे सरकली आणि त्याच्या कानाशी लागली. धोंडूने ऐकलं. एकदा गुरुदासकडे पाहिलं.

"ह्या सांगू?"

"सांग. माका मोठ्यान बोलूक जमणा नाय."

धोंडूने नारळ वर धरला. "बा दर्यादेवा म्हाराजा, ही सुगंधा आपला घर सोडून ममयक चल्ली आसा."

"व्हय म्हाराजा."

"झील गुरुदास तिका मायेन नेता. पण झिलाची खोली ल्हान, माणसा जास्त."

"व्हय म्हाराजा," शेट आणि मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"आवस नको म्हणाक भियता. झील 'घराकच रव' म्हणाक भियता. दोघांचीय भीती तू पोटात घी, आणि आवशीक तिच्या घराक धाड."

कोणी व्हय म्हटलं नाही. सगळे गुरुदासकडे बघत होते. नारळ धोंडूच्या हातातच होता. व्हय आल्याशिवाय तो समुद्रात सोडत नाहीत.

गुरुदासने आईकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," गुरुदास म्हणाला. इतक्या मोठ्याने, की वाळूच्या बेटावरचे पक्षी उठले. नारळ पाण्यात पडला. गुरुदासने डोळे पुसले आणि त्याला हसू आलं. कित्येक महिन्यांनी त्याचा श्वास पोटापर्यंत गेला.

"उद्या वेंगुर्ल्याक जाणारी बोट आसा," धोंडू शीड चढवत सुगंधाला म्हणाला. "आज जेवाक आमच्याकडे."

होडी लाटांवर चढली आणि पलीकडे अलगद उतरली. तेवढ्यात गुरुदासला आठवण झाली.

"आये, तुझी ट्रंक आगबोटीर आसा. ती उतरवूक होयी."

"कित्याक?" सुगंधा म्हणाली. "तिच्यात माझा एकय लुगडा नाय. तांदूळ, कोकमाची सोला आणि नातवांचे लाडू आसत."